सशुल्क पुरवणी आणि कृतीची निराकांक्षता

व्हिडिओ गेम हा कलाप्रकार मानावयाचा की केवळ करमणुकीचा माल, ह्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. जी रचना खेळणाऱ्याला तीस-चाळीस तास एका कथेत गुंतवून ठेवते, पात्रांच्या जीवनमरणाचे निर्णय त्याच्यावर सोपविते आणि त्या निर्णयांचे परिणाम त्याला भोगावयास लावते, तिला ‘कृती’ म्हणावयास कोणाची हरकत नसावी. परंतु एकदा तिला कृती म्हटले, की ती पूर्ण केव्हा झाली, तिची मूळ संहिता कोणती आणि पुरवणी कोणती, हे प्रश्न टाळता येत नाहीत. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत हे प्रश्न पाठचिकित्सेचे असतात. मूळ ओवी कोणती आणि प्रक्षिप्त कोणती, ह्याचा निवाडा अभ्यासक कित्येक शतकांनंतर करतो, आणि त्या निवाड्याने कोणाच्या खिशाला झळ लागत नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र भर घालणारा स्वतः कर्ताच असतो. ती भर तो कित्येकदा प्रकाशनाच्याच दिवशी घालतो आणि तिची वेगळी किंमत लावतो. संहितेचा प्रश्न येथे न्यायाचा प्रश्न होतो तो त्यामुळे.

मूळ खेळ विकत घेतल्यावर इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाच्या अशा जादा भागाला ‘डाउनलोडेबल कन्टेन्ट’, किंवा आद्याक्षरांनी ‘डीएलसी’, म्हणतात. जादा भाग विकण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९९० च्या दशकात संगणकावरील खेळांच्या ‘एक्स्पान्शन पॅक’ नावाच्या पुरवण्या वेगळ्या खोक्यांतून दुकानांत मिळत. त्या बहुधा मूळ खेळानंतर काही महिन्यांनी येत, आणि स्वतंत्र खोक्यात घालून विकण्याइतका ऐवज त्यांत असावा लागे. घरोघरची खेळयंत्रे इंटरनेटला जोडली गेली आणि ही अट नाहीशी झाली. मग एखादी लहानशी वस्तूही सुटी विकता येऊ लागली. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा ह्या अमेरिकन संस्थेने ‘दि एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ ह्या आपल्या खेळासाठी घोड्याचे चिलखत विकावयास काढले. एक्सबॉक्स ३६० ह्या यंत्रावर त्याची किंमत अडीच डॉलर होती. त्याची इतकी टवाळी झाली की ‘घोड्याचे चिलखत’ हा शब्दप्रयोग निरर्थक पुरवणीचा वाचक बनला आणि आजही तो त्याच अर्थाने वापरला जातो. वस्तुतः ह्या सबंध इतिहासातील ते सर्वांत निरुपद्रवी प्रकरण म्हटले पाहिजे. चिलखताशिवाय ‘ऑब्लिव्हियन’ची कथा कोठेही अडत नाही. ज्याला हौस असेल त्याने अडीच डॉलर द्यावेत. ज्याला नसेल त्याचे काहीच हरवत नाही. किंमत आणि वस्तू ह्यांचे प्रमाण हास्यास्पद असणे हा व्यापारातील वेडगळपणा होय, अन्याय नव्हे.

प्रकाशकांची बाजूही येथेच नोंदविली पाहिजे. अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत २००५-०६ च्या सुमारास ६० डॉलर झाली, आणि २०२० पर्यंत ती सामान्यतः तेवढीच राहिली. दरम्यान निर्मितीचा खर्च वाढत गेला. शिवाय चकती हातोहात विकली जाते. एका चकतीवर तीन-चार जण खेळले, तरी प्रकाशकाला पैसे पहिल्याकडूनच मिळतात. पुरवणी मात्र खरेदीदाराच्या खात्याला बांधलेली असते, ती दुसऱ्याला विकता येत नाही. तेव्हा पुरवणीच्या लोकप्रियतेमागे केवळ लोभ आहे असे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु एखाद्या प्रथेचे आर्थिक कारण समजले म्हणजे तिचे समर्थन झाले, असेही नाही.

अन्यायाचा आरोप खऱ्या अर्थाने धारदार झाला तो मार्च २०१२ मध्ये. योगायोगाने दोन खेळ उत्तर अमेरिकेत एकाच दिवशी, ६ मार्च रोजी, प्रसिद्ध झाले. एक कॅपकॉम ह्या जपानी संस्थेचा ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’ हा द्वंद्वयुद्धाचा खेळ. दुसरा कॅनडातील बायोवेअरने रचलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केलेला ‘मास इफेक्ट ३’. पहिल्याच्या चकतीवर बारा योद्धे आधीपासूनच भरलेले पण कुलूपबंद आहेत, आणि ते पुढे पैसे घेऊन खुले केले जावयाचे आहेत, असे चकतीची तपासणी करणाऱ्यांना आढळून आले. दुसऱ्याच्या बाबतीत ‘फ्रॉम ॲशेस’ नावाची दहा डॉलरची पुरवणी खेळाबरोबर त्याच दिवशी विक्रीला आली. खेळाची महागडी संग्राहक-आवृत्ती घेणाऱ्यांना ती तिच्याबरोबर मिळाली. साधी आवृत्ती घेणाऱ्यांना ती वेगळी विकत घ्यावी लागली.

ह्या दोन्ही वादांत खेळाडूंनी जे निकष लावले ते स्थळाचे आणि काळाचे होते. चकतीवर जे आहे त्याचे पैसे दिलेले आहेत, मग पुन्हा पैसे का, हा स्थळाचा निकष. प्रकाशनाच्या दिवशी जे तयार आहे ते मूळ खेळातूनच कापून काढलेले असले पाहिजे, हा काळाचा. दोन्ही निकष प्रथमदर्शनी सबळ वाटतात, आणि दोन्ही तपासून पाहिल्यास टिकत नाहीत.

काळाचा निकष आधी घेऊ. बायोवेअरचे स्पष्टीकरण असे होते की मूळ खेळ यंत्र-उत्पादकांच्या तपासणीसाठी गेल्यानंतर वेगळ्या चमूने पुरवणीचे काम केले आणि ते बऱ्याच उशिरा पुरे झाले. तपासणी, छपाई आणि वितरण ह्यांत मध्ये काही काळ जातो हे खरेच आहे, आणि त्या काळात लेखक-चित्रकारांनी हात बांधून बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण ह्यावरून निष्पन्न काय होते? पुरवणी प्रकाशनाच्या दिवशी आली म्हणून ती अन्यायाची ठरत नाही, हे एक. आणि तीच पुरवणी सहा महिने दडवून ठेवून मग विकली असती तर ती न्याय्य ठरली नसती, हे दुसरे. दिनांक बदलल्याने भागाचे कृतीशी असलेले नाते बदलत नाही.

स्थळाच्या निकषाची स्थिती याहून विचित्र आहे. कॅपकॉमने असे सांगितले की योद्धे चकतीवर ठेवल्यामुळे ज्यांनी ते विकत घेतले आणि ज्यांनी घेतले नाहीत त्यांना एकमेकांशी खेळता येईल. हे उत्तर अनेकांना पळवाट वाटले. तथापि त्यात तथ्य आहे. प्रतिस्पर्ध्याने निवडलेला योद्धा दाखविण्यासाठी त्या योद्ध्याची चित्रे आणि चाली समोरच्याच्याही यंत्रावर असाव्याच लागतात. म्हणजे ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून सर्वाधिक गवगवा झाला, ती गोष्ट काही अंशी पैसे न देणाऱ्याच्याच सोयीची होती. बायोवेअरनेही मान्य केले की नवे पात्र मूळ कथेत बेमालूम मिसळावे म्हणून त्याच्या आकृतीसारखे काही घटक चकतीवर ठेवावे लागले. बाकीचा सहाशे मेगाबाइटांहून अधिक मजकूर उतरवून घ्यावा लागत होता. अमुक मेगाबाइट चकतीवर आणि तमुक बाहेर, ह्या हिशेबातून न्याय निघत नाही. ग्रंथाचा एखादा अध्याय कोणत्या कपाटात ठेवला होता ह्यावरून तो ग्रंथाचा आहे की नाही हे जसे ठरत नाही, तसेच हे आहे.

मग निकष कोणता? वाक्यार्थबोधाचा विचार करताना आपल्याकडील शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी ही अंगे सांगितली आहेत. ‘दार’ एवढाच शब्द उच्चारला तर ऐकणारा ‘उघड’ की ‘लाव’ ह्याची वाट पाहत राहतो. शब्द साकांक्ष राहतो. ‘दार लाव’ म्हटल्यावर ती अपेक्षा शमते. त्यानंतर ‘हळू लाव’, ‘आतून लाव’ असे कितीही जोडता येईल, पण त्यावाचून वाक्य अडून राहिले नव्हते. हीच दृष्टी मोठ्या कृतीला लावावयास हरकत नाही. कृतीने स्वतः जागविलेली अपेक्षा तिच्याच मर्यादेत शमत असेल, तर तिच्यापुढे जोडलेला भाग कितीही मोठा, महाग वा अकाली असो, तो जादा भाग होय. उलट जी अपेक्षा कृतीने जाणूनबुजून जागविली तिचे शमन वेगळ्या किमतीला बांधून ठेवले असेल, तर तो भाग कितीही लहान असला तरी तो कृतीचाच अंश आहे, आणि तो रोखून धरणे ही वंचना आहे.

ह्या निकषावर ‘फ्रॉम ॲशेस’ तपासण्याजोगी आहे. ‘मास इफेक्ट’ ही २००७, २०१० आणि २०१२ ह्या वर्षी आलेल्या तीन खेळांची एक दीर्घ कथा. दर पन्नास हजार वर्षांनी ‘रीपर’ नावाची प्रचंड यंत्रे येतात आणि आकाशगंगेतील सर्व प्रगत संस्कृती नष्ट करून जातात, ही तिची मध्यवर्ती कल्पना. मागील फेऱ्यात नष्ट झालेले ‘प्रॉथियन’ हे ह्या कथेचे अनुपस्थित नायकच म्हणावे लागतील. पहिल्या खेळाच्या प्रारंभी ईडन प्राइम ह्या वसाहतीत प्रॉथियनांचा एक स्तंभ सापडतो, आणि त्याच्या संपर्काने कथानायक शेपर्ड ह्याच्या मनात त्यांच्या संहाराचे दृश्य उमटते. त्या अर्धवट दृश्याचा अर्थ लावणे हाच पहिल्या खेळाचा प्रवास होय. दुसऱ्या खेळात ज्या शत्रूशी गाठ पडते तो म्हणजे विकृत करून गुलाम बनविलेले प्रॉथियनच आहेत असे उघड होते. लिआरा ही शेपर्डची सहकारी व्यवसायाने प्रॉथियनांची संशोधिका. तिने आपले आयुष्य त्यांच्या अवशेषांना वाहिलेले आहे. पाच वर्षे, दोन सबंध खेळ, प्रॉथियन कसे होते ही जिज्ञासा अशी वाढविली गेली.

आणि ‘फ्रॉम ॲशेस’मध्ये काय आहे? त्याच ईडन प्राइमवर निद्रावस्थेत जतन होऊन राहिलेला शेवटचा जिवंत प्रॉथियन, जाविक. तो शेपर्डच्या चमूत सामील होतो, आणि कथेत पुढे अनेक ठिकाणी बोलतो. त्याच्या तोंडून कळते की प्रॉथियन हे ज्ञानी, सौम्य पूर्वज नव्हते. इतर जातींना अंकित करून घेणारे ते एक साम्राज्य होते. थेसिया ह्या लिआराच्या मातृग्रही तो बरोबर असेल, तर तिच्या समाजाची देवता आणि त्या समाजाची प्रगती ह्यांच्या मुळाशी प्रॉथियनांचा हात कसा होता, हे तो तिला ऐकवितो. ज्या संशोधिकेने मृतांच्या अवशेषांवरून त्यांची एक प्रतिमा उभी केली, तिच्यासमोर मृतांपैकीच एक जण उठून उभा राहतो आणि ती प्रतिमा मोडतो. इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला ह्या प्रसंगाचे मोल सांगावयास नको. पुढे दोघांत जे भांडण होते ते तीन खेळांतील अत्यंत मोजक्या खऱ्या वैचारिक संघर्षांपैकी एक आहे. हा संघर्ष साध्या चकतीत नाही.

यावर आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहीत. जाविकवाचून ‘मास इफेक्ट ३’ची कथा शेवटापर्यंत जाते, युद्ध होते, निर्णय घ्यावा लागतो, शेवट येतो. प्रॉथियनांनी मागे ठेवलेली एक यंत्रवाणी साध्या खेळातही त्यांच्या वतीने बोलते. ज्याला जाविक ठाऊकच नाही त्याला त्याची उणीव भासणार कशी, असेही विचारले जाईल. ह्यातील पहिल्या दोन मुद्द्यांमुळे आरोपाची तीव्रता कमी होते, हे मान्य करावे लागते: कथासूत्र तुटत नाही, तुटतो तो अर्थाचा धागा. तिसरा मुद्दा मात्र फसवा आहे. उणीव न जाणवणे ही खेळाडूच्या अज्ञानाची खूण आहे, कृतीच्या पूर्णतेची नव्हे. अपेक्षा कोणी निर्माण केली, हे पाहावयाचे असते. आणि ती ह्या कर्त्यांनीच, पहिल्या खेळाच्या पहिल्या प्रसंगापासून, निर्माण केली होती. दुसऱ्या खेळाच्या अखेरीस युद्ध अनिर्णित राहते, मग तिसऱ्या खेळाचे पैसे घेणेही अन्याय का नाही, असा एक प्रतिप्रश्न संभवतो. त्याचे उत्तर सोपे आहे. ही त्रयी आहे हे ग्राहकाला आधी सांगितलेले होते. तिसरा खेळ हा शेवटचा, असेही सांगितलेले होते. अपेक्षा पुढे ढकलण्याचा अधिकार तेथेच संपला.

प्रकाशकांना हे तत्त्व अगदीच अमान्य होते असे नाही. ‘मास इफेक्ट ३’चा शेवट अपुरा आणि अस्पष्ट असल्याची ओरड झाली, तेव्हा जून २०१२ मध्ये शेवटाचा विस्तारित पाठ देण्यात आला, आणि तो विनामूल्य देण्यात आला. शेवटाची आकांक्षा शमविणे हे कर्त्याचे देणे आहे, विक्रीची वस्तू नव्हे, ही त्यात अप्रत्यक्ष कबुली आहे. जाविकच्या बाबतीत ती कबुली मिळाली नाही.

वंचनेचा शुद्ध नमुना पाहावयाचा तर त्याच वर्षीच्या ‘असुराज रॅथ’कडे वळावे लागते. कॅपकॉमच प्रकाशक. नायकाचे नाव असुर, त्याच्या मुलीचे नाव मित्रा, शक्तीचे नाव मंत्र; जपानी बौद्ध परंपरेतून आलेली ही नावे भारतीय वाचकाला ओळखीची आणि किंचित अनोळखीही वाटतात. अपहृत मुलीसाठी नायकाचा जो अनावर क्रोध आहे, तोच ह्या खेळाचा विषय. चकतीवरील खेळ एका खोट्या विसाव्यापाशी थांबतो. ह्या साऱ्या दुःखामागचा खरा सूत्रधार चक्रवर्ती, त्याच्याशी होणारे अंतिम युद्ध आणि क्रोधाचे पर्यवसान, हे सर्व ‘निर्वाण’ नावाच्या पुरवणीत आहे, आणि ती काही आठवड्यांनी स्वतंत्र किंमत लावून आली. निर्वाण विकत मिळते, असा विनोद करण्याचा मोह येथे आवरणे कठीण आहे. येथे आकांक्षा अपुरी राहते, आणि सन्निधीही राहत नाही. वाक्याचे क्रियापद दोन महिन्यांनी उच्चारण्यासारखे ते आहे. आश्चर्य हे, की घोड्याच्या चिलखताइतकाही ह्या प्रकरणाचा बोभाटा झाला नाही.

उलट बाजूचे उदाहरण म्हणून पोलंडमधील सीडी प्रोजेक्टच्या ‘दि विचर ३’चा उल्लेख नेहमी केला जातो. मे २०१५ मध्ये तो आला. सोळा लहान पुरवण्या सर्वांना विनामूल्य मिळाल्या, आणि ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ व ‘ब्लड अँड वाइन’ ह्या दोन मोठ्या पुरवण्या पुढे विकल्या गेल्या. ह्या संस्थेच्या औदार्याचे जे गोडवे गायिले जातात त्यांत जाहिरातीचा वाटा किती हे सांगणे अवघड आहे. पण ती प्रशंसा बाजूला ठेवली तरी निकष येथे नीट लागू पडतो. मूळ खेळात नायक गेराल्ट सिरीचा शोध घेतो आणि तो शोध तेथेच पूर्ण होतो. नंतर त्याला द्राक्षांचा मळा मिळतो की नाही, ह्यावाचून काही अडलेले नसते. जुन्या परिभाषेत हे खिल होय. महाभारताला हरिवंश जोडलेला आहे, तसे.

परंतु आकांक्षेचा निकष सर्वत्र पुरा पडत नाही, आणि ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’ची अडचण नेमकी हीच आहे. द्वंद्वयुद्धाच्या खेळात कथा नाममात्र असते. बारा योद्धे कमी असले तरी कोणतेही वाक्य अपुरे राहत नाही. तेथे अन्याय असलाच तर तो कृती आणि खेळाडू ह्यांच्यामधला नसून खेळाडू आणि खेळाडू ह्यांच्यामधला आहे. ज्याने नवा योद्धा विकत घेतला तो त्याच्या चालींचा घरी बसून सराव करतो. ज्याने घेतला नाही त्याला त्या चाली प्रथम प्रत्यक्ष सामन्यातच भेटतात. दोघांना एकत्र खेळता येते एवढ्याने दोघे समान भूमीवर येत नाहीत. चकतीवरील कुलपाबद्दल जेवढे बोलले गेले त्याच्या दशांशाने तरी ह्या असमानतेबद्दल बोलले जावयास हवे होते.

असमानतेचे हे सूत्र पुढे कोठे गेले हे ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’च्या दोन खेळांवरून दिसते. २०१५ च्या खेळासाठी मूळ ६० डॉलरखेरीज सर्व पुरवण्यांचा ५० डॉलरचा परवाना होता. नवी रणांगणे ज्यांनी घेतली ते एकीकडे आणि न घेणारे दुसरीकडे, अशी खेळाडूंची विभागणी झाली. २०१७ च्या दुसऱ्या खेळात ती टाळण्यासाठी रणांगणे सर्वांना मोफत देण्याचे ठरले. पण उत्पन्नाची जागा घेतली ती नशिबाच्या पेट्यांनी. त्यांतून मिळणारी पत्ते-शक्ती प्रत्यक्ष लढाईत उपयोगी पडे. डार्थ व्हेडर हे पात्र खुले करण्यासाठी प्रारंभी ६०,००० गुण लागत. त्यासाठी सुमारे चाळीस तास खेळावे लागेल असा हिशेब एका खेळाडूने मांडला. संतापाची लाट उठल्यावर ही संख्या १५,००० वर आणली गेली, आणि १६ नोव्हेंबर २०१७ रोजी, अधिकृत प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, पैशाने खरेदी करण्याची सोयच बंद करण्यात आली. एक अन्याय मिटविताना दुसरा आणि अधिक मोठा अन्याय उभा राहिला. निदान रणांगण विकत घेणाऱ्याला आपण काय घेतो हे ठाऊक होते.

पुरवणीचे पैसे घेतल्यावर ती काढून घेण्याचाही प्रकार घडलेला आहे. ‘डेस्टिनी २’ ह्या खेळाच्या २०१७ आणि २०१८ मधील ‘कर्स ऑफ ओसायरिस’ व ‘वॉरमाइंड’ ह्या सशुल्क पुरवण्यांच्या कथा नोव्हेंबर २०२० मध्ये खेळातून हटविण्यात आल्या. ज्यांनी त्या विकत घेतल्या होत्या त्यांनाही त्या खेळता येईनात.

कृतीच्या संहितेचा जो प्रश्न प्रारंभी उपस्थित केला, तो अभ्यासकाच्या टेबलावर आज प्रत्यक्ष येऊन पडलेला आहे. मे २०२१ मध्ये ‘मास इफेक्ट’च्या तीनही खेळांची सुधारित एकत्रित आवृत्ती ‘लेजेंडरी एडिशन’ ह्या नावाने निघाली. तीत जाविकसाठी वेगळी किंमत नाही. तो इतर सहकाऱ्यांप्रमाणेच कथेचा भाग आहे. कर्त्यांनी नऊ वर्षांनी दिलेला हा निवाडा मानला, तर २०१२ ची साधी चकती ही खंडित प्रत ठरते. परंतु प्रकाशनाच्या वेळी लक्षावधी खेळाडूंनी जी कथा अनुभवली, जिच्या शेवटावर वाद घातले आणि जिची परीक्षणे लिहिली गेली, ती बहुतांशी ह्याच खंडित प्रतीवरून. त्या परीक्षणांचा आधार घेणाऱ्या संशोधकाने परीक्षकाने कोणती प्रत खेळली होती हे प्रथम तपासावे लागेल. ते पडताळणेही आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. एक्सबॉक्स ३६० यंत्रावरील विक्रीचे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. त्या यंत्रासाठी काढलेली जुनी चकती आज कोणी जुन्या मालाच्या दुकानातून आणली, तर त्याच यंत्रावरून दहा डॉलर देऊन ‘फ्रॉम ॲशेस’ विकत घेण्याची सोय त्याला नाही. जाविकची आकृती त्या चकतीवर आहे. ईडन प्राइमचा प्रसंग आणि त्याची संभाषणे नाहीत.